येळवशीचा शनिवार

माझ्या मुलीचं जावळ काढलं तेव्हा ती माझ्या मेव्हण्याच्या मांडीवर बसली होती आणि मी केसांचं ताट धरून बाजूला उभा होतो. फोटोत माझा फक्त हात आलाय. रीतच तशी आहे. जावळ मामाच्या मांडीवर, कान टोचायचे मामाच्या मांडीवर, उद्या लग्नात नवरीच्या पाठीशी उभा राहणार तोही मामाच. बापाच्या मांडीला आपल्या रीतीत जागाच ठेवलेली नाही. त्या दिवशी हे मी पाहुण्यांना हसून सांगितलं होतं आणि पाहुणेही हसले होते.

मला माझ्या मेव्हण्याचा मत्सर वाटतो. हे सांगायला लाज वाटायला पाहिजे, पण वाटत नाही. कुणाला शेजाऱ्याच्या गाडीचा वाटतो, कुणाला सोबतच्या माणसाच्या बढतीचा. मला बायकोच्या सख्ख्या भावाचा वाटतो. दिसायला तो माझ्याहून उजवा नाही, शिकलाय माझ्याहून कमी. लातुरात बी-बियाणांचं छोटं दुकान चालवतो आणि कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढल्याशिवाय सकाळचा चहासुद्धा घेत नाही. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. निदान मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

मी नांदेडचा. विष्णुपुरीच्या कॉलेजात वर्कशॉपमध्ये पोरांना लेथ आणि वेल्डिंग शिकवतो. बायको लातूरची, बायोलॉजी शिकवणारी. आमचं पटलं नाही. का पटलं नाही हे दोन वकिलांनी आपापल्या अर्जात लिहिलंय, आणि दोन्ही अर्ज वाचल्यावर मला प्रश्न पडला की या दोन माणसांचं लग्न झालं तरी कसं. खरं कारण साधं आहे. मी चिडका. तोंडाला येईल ते बोलून मोकळा होतो आणि तासाभरात विसरतो. ती बोलत नाही, साठवते. एका उन्हाळ्यात ती सुट्टीला म्हणून मुलीला घेऊन माहेरी गेली, आणि शाळा उघडायच्या सुमाराला तिचा फोन आला की लातूरच्या एका क्लासमध्ये नोकरी मिळालीय, मुलीचं नावही तिथल्याच शाळेत घातलंय. मी विचारलं, कुणाला विचारून? ती म्हणाली, दादाला.

तो शब्द आत जाऊन बसला तो बसलाच. माझी मुलगी एका गावातून दुसऱ्या गावात जाते, शाळा बदलते, आणि विचारायचं कुणाला, तर दादाला.

मग कोर्ट आलं. फारकतीचा अर्ज, त्याला जोडून मुलीच्या ताब्याचा. ताबा हा शब्द तोवर मी प्लॉटच्या भांडणातच ऐकला होता. नांदेडच्या कोर्टात आमच्यासमोर न्यायाधीश मॅडम होत्या, शांत, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी तात्पुरता आदेश दिला. निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडं, आणि बापाला दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, लातूर शहरात भेट. बायकोचा अर्ज होता की मुलीला कायमचं लातूरला ठेवायची परवानगी मिळावी. माझं म्हणणं, मुलगी नांदेडची आहे, तिला नांदेडला आणा. मॅडम म्हणाल्या, मुलगी आठ वर्षांची आहे, तिला कळतं. वेळ आली की मी तिला एकटीला बसवून विचारीन. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. ती कुणाचं नाव घेणार?

ठरलेल्या शनिवारी मी पहाटेची एसटी धरायचो. लोहा, अहमदपूर, चाकूर असं करत लातूरला उतरायचो आणि आदेशात लिहिलेल्या जागी, म्हणजे मुलीच्या शाळेच्या फाटकाशी, जाऊन उभा राहायचो. आणि फटफटीवरून तिला घेऊन येणार कोण? मामा. बायकोचे शनिवारी जादा तास असायचे. म्हणजे माझा शनिवार उघडायचा त्याचं तोंड बघून आणि संपायचा त्याचंच तोंड बघून. तो गाडीवरून उतरून नमस्कार करायचा, दाजी म्हणायचा, गाडीत बसायला जागा मिळाली का विचारायचा, घरी चहाला चला म्हणायचा. कोर्टात आमची दोन घरं एकमेकांच्या विरुद्ध उभी, आणि हा माणूस मला दाजी म्हणतोय. मला वाटायचं, ही याची चाल आहे. मग वाटायचं, चाल नसेल तर ते जास्तच अवघड.

नांदेडला असताना मी मुलीला सायकल घेऊन दिली होती, मागं आधाराची दोन छोटी चाकं लावलेली. पडेल म्हणून ती चाकं मी कधी काढली नाहीत. एका शनिवारी ती सांगायला लागली की तिला आता दोन चाकांवरची सायकल येते, मामानं शिकवली. पडलीस का म्हणून विचारलं तर तिनं खपली धरलेला गुडघा दाखवला. "मामा म्हणला, पडल्याबिगर येत न्हाई." तिच्या तोंडात न्हाई आलं होतं. आम्ही नांदेडचे काही पुण्याचे लागून गेलेलो नाही, पण आमच्या घरात 'नाही' होतं. मी म्हटलं, बेटा, नाही म्हण. ती म्हणाली, बरं. जरा वेळानं पुन्हा न्हाई.

मग मी चढाओढीला उतरलो. तिला बागेत नेलं, तर कुठला झोका करकरत नाही हे तिला आधीच ठाऊक. मामानं आणलं होतं. गंजगोलाईत नेलं, तर बांगड्या विकणारी बाई तिला नावानं हाक मारायची आणि मला विचारायची, तुम्ही कोण? मी म्हणायचो, बाप. बाई मुलीकडं बघायची, मुलगी मान हलवायची, तेव्हा कुठं बाईची खात्री पटायची. मामाला मूलबाळ नाही. पूर्वी मला त्याबद्दल वाईट वाटायचं, आता धास्ती वाटायला लागली. ज्याचं ताट रिकामं तो शेजारच्या ताटाकडं बघणारच, असं मी मनाशी म्हणायचो. एकदा मी मुद्दाम विचारलं, मामा चिडतो का गं कधी? तिनं बराच वेळ आठवून बघितलं आणि सांगितलं, आठवत न्हाई. परतीच्या एसटीत मला डुलकीसुद्धा लागली नाही.

असं चाललेलं असताना थंडीत एकदा बायकोचा फोन आला. ती आपणहून फोन करत नसे, म्हणून मी उचलतानाच सावध झालो. ती म्हणाली, येत्या शनिवारी येळवस आहे, तेवढा एक शनिवार सोड आणि रविवारी ये. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या त्या अवसेला लातूरकडं गावंच्या गावं रानात, म्हणजे शेतात, जातात, रानात पूजा करतात, तिथंच जेवतात, ज्याला रान नाही त्यालाही कुणीतरी नेतंच. हे मला आज माहीत आहे. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की कॉलेजातले लातूरकडचे दोघं-तिघं त्या दिवशी रजा टाकतात आणि दुसऱ्या दिवशी डब्यात सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी आणतात. आम्ही नांदेड शहरातले, आम्हाला ना रान, ना येळवस. बायको म्हणाली, पोरगी रानात जायचं म्हणून आठवडाभर नाचतीय.

रान कुणाचं? मामाचं. मला वाटलं, हा बहाणा आहे. आज येळवस, उद्या शाळेची सहल, परवा मामाकडं सत्यनारायण, असं करत माझे शनिवार एकेक करून गिळून टाकतील. मी म्हटलं, आदेशात शनिवार लिहिलाय, मी शनिवारीच येणार. ती म्हणाली, बरं. तिचं बरं आणि मुलीचं बरं हुबेहूब सारखं आहे. दोघींचंही बरं म्हणजे नाही. वकिलाला सांगितलं तेव्हा त्यानं पाठ थोपटली. म्हणाला, अस्संच, एकदा ढिलं सोडलं की संपलं.

शनिवारी एसटी जवळजवळ रिकामी होती. चाकूरच्या पुढं रस्त्यानं माणसं दिसायला लागली. ट्रॅक्टरमध्ये, टेम्पोत, फटफटीवर, डोक्यावर टोपली घेऊन पायी, बाया नवी लुगडी नेसलेल्या, आणि सगळे गावाकडं पाठ करून रानाकडं चाललेले. गावाच्या दिशेला चाललेली एकटी आमची गाडी. लातुरात उतरलो तर स्टँडवर चहाचा गाडा नाही, बाहेर एक ऑटो नाही. एरवी ज्या रस्त्यावर क्लासच्या पोरांमुळं पाय ठेवायला जागा नसते तिथं एक गाय मधोमध बसून रवंथ करत होती. मी शाळेपर्यंत चालत गेलो.

त्या दिवशी मुलीला बायकोनंच स्कूटीवर आणलं. मुलगी नव्या परकर-पोलक्यात होती, केसात शेवंती, आणि डोळे रडून पुसलेले. बायको म्हणाली, आज कुठं काही उघडं मिळणार नाही, डबा देऊ का? मी म्हटलं, माझ्या मुलीला मी जेवू घालीन. तिनं मुलीचं पोलकं खांद्यावर नीट केलं आणि गाडी वळवून निघून गेली.

बागेला कुलूप होतं. गंजगोलाईत सगळी शटरं खाली. आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. मी अहमदपूरला घेतलेली केळी आणि चिवड्याचं पाकीट काढलं. ती खात होती. मग तिनं समोरच्या बंद शटरांकडं बघत म्हटलं, "पप्पा, सगळे रानात गेलेत."

मी म्हटलं, हो.

"तुला माहीत व्हतं?"

मी म्हटलं, माहीत होतं. तिनं मान हलवली. ओरडली असती, पाय आपटले असते तर मला समजूत काढता आली असती. थोड्या वेळानं तिनं नुसतं सांगितलं की मामा डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन रानभर फिरतो आणि या वर्षी त्याच्यामागं तांब्या घेऊन ती चालणार होती. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. मी म्हटलं, चल आपण भेंड्या खेळू. ती खेळली, घरी आलेल्या पाहुण्याशी खेळतात तशी, मला मुद्दाम जिंकू देत.

ऊन डोक्यावर आलं. चिवडा संपला, केळी संपली. हॉटेलं बंद, खानावळी बंद, एक औषधाचं दुकान उघडं सापडलं तिथं ग्लुकोजची बिस्किटं मिळाली. तिला भूक लागली होती पण ती बोलत नव्हती. परकराचा काठ बोटाला गुंडाळायचा आणि सोडायचा, एवढंच चाललं होतं. शेवटी म्हणाली, मामाला फोन कर ना. मी म्हटलं, माझ्याकडं त्याचा नंबर नाही. हे खोटं नव्हतं, मी तो काढून टाकला होता. तिनं धडाधडा म्हणून दाखवला, पाढे म्हणतात तसा. मी विचारलं, आणि माझा येतो का? तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तुझा मम्मीच्या मोबाईलमधी हाय की."

मी त्या रस्त्यावर उभा राहून माझ्या शत्रूला फोन लावला. तो म्हणाला, थांबा, आलोच. कुठं आहात विचारलं, का केलं विचारलं नाही. आला तेव्हा खांद्यावर घोंगडं, पायाला रानातली माती. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं की आदेशात लातूर शहर लिहिलंय, मुलीला शहराबाहेर न्यायचं असेल तर तुम्हीच कोर्टाला सांगा. त्यानं बोलायची वेळच येऊ दिली नाही. "दाजी, बसा मागं. येळवशीला गावात न्हाई बसायचं."

मुलगी पुढं टाकीवर, मध्ये तो, मागं मी. औशाच्या रस्त्याला खड्डे काय आहेत हे ज्यानं ती वाट केलीय त्यालाच ठाऊक. दोनदा आदळल्यावर मला त्याचा खांदा धरावा लागला. वर्षभर ज्या माणसाशी उभा दावा मांडला त्याच्या खांद्याला धरून मी त्याच्याच रानात जेवायला चाललो होतो, आणि पुढं माझी मुलगी गाणं म्हणत होती.

रानात हरभरा घाट्याला आला होता. आंब्याखाली कडब्याची खोप केलेली, वर शाल पांघरलेली, आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. बायको होती, मामी होती, सासूबाई होत्या, शेजारच्या रानातली चार माणसं होती. मी आलो तेव्हा कुणी एकमेकांकडं बघितलं नाही. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जावयाला आधी वाढा म्हणाल्या. पत्रावळीवर भज्जी पडली, बाजरीचे उकडलेले उंडे पडले, शेंगदाण्याची पोळी पडली, हातात आंबिलीचा पेला आला. मला भांडण पाहिजे होतं. कुणीतरी एक वाकडा शब्द बोलावा आणि मी उसळून उठावं, यासाठी मी जीव टाकून बसलो होतो. ते लोक मला आग्रह करत होते.

मुलगी गाडीवरून उतरल्याबरोबर माझं बोट सोडून पळाली होती. ती कशी पळाली ते मला सांगता येत नाही. तिचा आवाज चढला. इतक्या शनिवारांत तो आवाज मी ऐकलाच नव्हता, आणि नांदेडच्या घरातला ऐकलेला आठवेना. तेवढ्यात मामीच्या बोलण्यातून कळलं की त्यांनी रानाची फेरी अजून घातलेलीच नाही. सकाळीच व्हायची ती. मामा म्हणाला होता, पोरगी येईस्तोवर थांबू.

म्हणजे त्याला खात्री होती की ती येणार. मी तिला दिवसभर धरून ठेवू शकणार नाही हे त्याला सकाळीच ठाऊक होतं. 

त्यानं मडकं उचललं आणि माझ्याकडं आला. म्हणाला, दाजी, तुमी घेता का? तुमी म्होरं चाला, ती मागं यील. मी म्हटलं, मला तुमच्या रीती माहीत नाहीत. त्यानं मडकं आपल्या डोक्यावर घेतलं, वरून घोंगडं ओढलं. तो पिकात आंबील शिंपडत पुढं, आणि माझी मुलगी तांब्या सावरत त्याच्यामागं, दोघं फेरीत घालायची 'ओलगे ओलगे' ही हाळी देत. बांधावर बसून मी ते बघितलं. माझ्या हाताशी आलेली गोष्ट मी नको म्हटली होती आणि तरीही तो तिच्यापुढं चालतोय याचाच मला राग येत होता.

ते परत आले. सगळे खोपीपाशी बसले, मुलगी आजीला टेकून हरभऱ्याचे घाटे सोलायला लागली. सासूबाईंनी सहज विचारलं, जेवणाचं कसं करता? खरं सांगायचं तर शेजारच्या काकूंकडून माझा डबा येतो आणि काकूंच्या हाताला चव आहे. पण मला ती संधी दिसली. मी म्हटलं, कोण करणार? कॉलेजातून यायचं, कुलूप उघडायचं, अंधारात चाचपडत लाईट लावायचा, कुकरला खिचडी टाकायची. घर खायला उठतं म्हणून टीव्ही मोठ्यानं लावतो, कुणीतरी आहे असं वाटावं. पोरीच्या पलंगावरची चादरसुद्धा तशीच आहे, म्हटलं. बायकोची वाढणारी पळी थांबली. मामानं मान खाली घातली. मला बरं वाटलं, इतकं बरं की पुढचा उंडा मी मागून घेतला. मुलीकडं मी बघितलंच नाही. तीर मी तिच्यावर सोडलाच नव्हता.

संध्याकाळी मामानं मला स्टँडवर सोडलं. ती हट्टानं सोबत आली. गाडी लागेपर्यंत ती माझ्या शेजारी बाकावर बसली, आणि बऱ्याच वेळानं विचारलं, "घरी गेल्यावर लाईट तूच लावतो?" मी म्हटलं, हो बेटा, मीच. तिनं माझ्या पिशवीत मूठभर सोललेला हरभरा टाकला.

संक्रांतीनंतर नांदेडला तारीख पडली. मॅडमनी मुलीला एकटीला आत घेतलं. बाहेर बाकावर एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बायको, आणि खाली फाटकाशी गाडीपाशी मामा. तो कधी वर येत नसे. मग आम्हा दोघांना आत बोलावलं आणि मुलीला बाहेर पट्टेवाल्या बाईंपाशी बसवलं. मॅडम म्हणाल्या, मुलीला वडिलांकडं नांदेडला राहायचंय.

माझ्या कानात वारं शिरल्यासारखं झालं. जिंकलो. पहिला विचार आला तो बायकोचाही नाही, मुलीचाही नाही. खाली जाऊन मामाचं तोंड बघावं हा आला. बायकोनं टेबलाची कड धरली होती. मॅडमनी चष्मा काढून ठेवला.

"मी विचारलं, का? तर म्हणाली, तिकडं मम्मी हाय, मामा हाय, मामी हाय, आजी हाय. पप्पाकडं कुणीच न्हाई. लाईट बी त्यालाच लावावा लागतो. मग मी विचारलं, तुला स्वतःला कुठं आवडतं? त्यावर ती काहीच बोलली नाही. आता तुम्हीच सांगा, मी काय लिहू?"

प्रश्न त्यांनी माझ्याकडं बघून विचारला. मी म्हटलं, थोडा वेळ द्या. त्या म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीनंतर या.

बाहेर वकील खुशीत होता. आठ वर्षांच्या मुलीनं तोंडानं सांगितलंय साहेब, यापेक्षा काय पाहिजे? मी मुलीपाशी जाऊन बसलो. ती पाय हलवत पारले बिस्किटं खात होती. तिनं विचारलं, दप्तर इकडं कधी आणायचं, आणि नवी शाळा घरापासून लांब आहे का. आवाज शहाणा होता, दवाखान्यात कुणाला भेटायला गेल्यावर मोठी माणसं काढतात तसा. मग तिनं एक बिस्कीट मला दिलं आणि हळूच विचारलं.

"मग आता दुसरा नि चवथा शनिवार मामाला मिळंल का?"

खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला लाडू खाल्ल्यासारखं झालं. मामा पहाटेच्या एसटीत. मामा चाकूर, अहमदपूर, लोहा करत येतोय, पिशवीत केळी, आणि मी फाटकाशी फटफटीवर मुलीला घेऊन उभा आहे, त्याला विचारतोय, बसायला जागा मिळाली का? मी ते चित्र अगदी चवीनं बघितलं. त्याला बागेत नेलं, कुलूप लावलेल्या बागेच्या फाटकाशी उभं केलं, पायरीवर बसवलं, चिवडा खायला लावला. मग त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीकडं माझं लक्ष गेलं. ती तिथं परकराचा काठ बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. चित्रात मी कुणालाही बसवलं तरी ती तेच करत होती.

मी वकिलाला म्हटलं, संमतीची पुरसिस लिहा. मुलगी लातूरला आईकडं राहील, माझी हरकत नाही. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी अर्धी माझ्याकडं, शनिवार आहेत तसे. त्यानं मला बाजूला घेऊन खूप समजावलं, पस्तावाल म्हणाला. मी म्हटलं, मी आत्तापासूनच पस्तावतोय, तुम्ही लिहा. सुट्टीनंतर मॅडमनी ते वाचलं, बायकोनं सही केली, मी केली. बायको काहीतरी बोलणार होती. मी म्हटलं, दादाला सांग जाऊन, आणि तेसुद्धा मला नीट गोड आवाजात जमलं नाही.

मुलीला मात्र मीच सांगितलं. जिना उतरताना म्हटलं, तू लातूरलाच राहायचंस, मी येत जाईन. ती पायरीवर थांबली. म्हणाली, आणि लाईट? मी म्हटलं, अगं बटण असतं, त्याला काय माणूस लागतो? आणि काकूंचा डबा येतो, गरम, रोज. ही गोष्ट मी तिला पहिल्यांदाच सांगत होतो.

तिचं तोंड उजळलं. आडपडदा न ठेवता, रानात बघितलं होतं तसं, आणि ते माझ्यापासून दूर राहायचं म्हणून उजळलं होतं. खाली फाटकापाशी मामानं तिला बघितलं आणि दोन्ही हात पुढं केले. त्याला अजून काही माहीत नव्हतं; ती आपली राहिली की गेली हे माहीत नसताना त्यानं हात पुढं केले होते. ती तिथून सुटली, चार-सहा पावलं जोरात पळाली, आणि एकदम थांबली. वळून परत आली. माझं बोट धरलं आणि माझ्या चालीनं, शहाण्यासारखी, हळूहळू चालायला लागली.

मामाचे हात तसेच पुढं होते. मला ते दिसत होते आणि माझा जळफळाट होत होता. इतका की ते बोट आणखी थोडा वेळ, निदान फाटकापर्यंत, तिच्या हातात राहू द्यावं असं वाटलं. मी ते सोडवून घेतलं आणि म्हटलं, पळ. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, मी खरंच म्हणतोय का ते बघायला, आणि पळाली.